डायनिंग हॉलमधलं आडनाव

कॅम्पातल्या त्या हॉटेलात माझे वडील एकतीस वर्षं कामाला होते. जोवर ते तिथं होते तोवर मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण सांगायची घरातून बंदी होती. पुढं हॉटेल बंद पडलं आणि मग मी ज्याला त्याला सांगत सुटले. कोर्टात वकिलांच्या खोलीत चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, जुन्या बेळगावचा विषय कुठंही निघाला की मी मध्येच म्हणायची, "आमचे आप्पा होते तिथं. डायनिंग हॉलचे मुख्य." ऐकणाऱ्याचा चेहरा बदलायचा आणि मला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यातूनच पुढचं सगळं झालं, म्हणून ते आधीच कबूल करून टाकते.

आमच्या गावातल्या जुन्या घरांना त्या हॉटेलाचा अजून उमाळा येतो. कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाचं रिसेप्शन तिथं झालेलं असतं, कुणी आयुष्यातला पहिला काट्याचमच्याचा घास तिथं खाल्लेला असतो. घोडागाडी आत वळावी एवढा पोर्च, व्हरांड्यातल्या वेताच्या आरामखुर्च्या, सागवानी जिना आणि त्यावरचा गालिचा जागेवर ठेवणाऱ्या पितळी कांब्या, बिलियर्डची खोली, जेवणाआधी वाजणारी मोठी तासाची थाळी. हे सगळं सांगताना माणसं हळवी होतात. मी मान डोलावत ऐकायची. त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं, फक्त मी आत कधी गेले नव्हते. बावन्नाव्या वर्षापर्यंत नाही.

मला ते आप्पांकडून माहीत होतं. रात्री जेवताना ते आम्हा भावंडांना हॉटेल सांगायचे. जिन्याच्या कांब्या दर शनिवारी काढून चिंचेनं घासायच्या. पाण्याचा पेला सुरीच्या टोकाशी ठेवायचा आणि काठापासून बोटभर कमी भरायचा. पाहुण्याच्या डाव्या बाजूनं वाढायचं, उजव्या बाजूनं उचलायचं. आमच्या घरात सुरी एकच होती, कांदा चिरायची, पण स्टीलचे पेले मात्र ताटाच्या उजवीकडं एका रेषेत असायचे. डायनिंग हॉलमध्ये चालताना पाऊल वाजू नये म्हणून त्यांना कापडी तळाचे बूट दिलेले होते. त्या बुटांनी त्यांची चालच बदलून टाकली. घरी अनवाणी असतानाही ते कधी आले, कधी गेले हे आम्हाला कळायचं नाही. आई चुलीपुढं दचकायची आणि म्हणायची, "जरा खाकरत तरी या." ते हसायचे, पण खाकरायचं त्यांना कधी जमलं नाही.

हॉटेलात त्यांचं आडनाव वेगळं होतं.

हे जरा नीट सांगायला हवं. आप्पा निपाणीचे. आजी तिथं तंबाखूच्या वखारीत कामाला होती. जन्मभर तिच्या नाकात तंबाखूची धूळ बसलेली, बोलता बोलता शिंकायची. तेविसाव्या वर्षी आप्पा काम शोधत बेळगावला आले आणि कुणीतरी सांगितलं म्हणून त्या हॉटेलाच्या फाटकाशी उभे राहिले. फाटकावरचा माणूस सदलग्याचा होता. त्यानं विचारलं, कुठला. मग विचारलं, कुणाच्यातला. आप्पांनी खरं सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली करून सांगितलं, "असं सांगशील तर मागं भांड्यावर घेतील. तिथनं म्होरं न्हाय जायचास. आत जायाचं असंल तर गावाचं नाव लाव आनि कर जोड." कुठल्या गावाचं, तेही त्यानंच सुचवलं. त्या गावात आप्पांनी आजतागायत पाऊल टाकलेलं नाही.

आप्पा मॅनेजरपुढं गेले आणि ते आडनाव सांगितलं. मॅनेजर गोव्याकडचा ख्रिश्चन होता. त्यानं मान वर न करता रजिस्टरात लिहून घेतलं. खरं सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे आप्पांना कधी कळलं नाही. कदाचित काहीच म्हणाला नसता. पण मागच्या अंगणात झाडूवाल्यांचा पाण्याचा माठ वेगळा ठेवलेला होता, आणि तो माठ आप्पा रोज बघत होते.

मग एकतीस वर्षं ते नाव सांभाळायचं काम चाललं. हॉटेलातला एकही माणूस आमच्या घरी आला नाही. आमच्यापैकी कुणी तिकडं जायचं नाही. मी शाळेत वडिलांचा धंदा "खाजगी नोकरी" असा लिहायची. आमच्या वर्गात कॅम्पातल्या मुली होत्या, त्यांचे वडील तिथं जेवायला जात. कुणी दोन नावांची सांगड घातली तर आप्पांची नोकरी जाईल, ही भीती मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती.

एकदाच मी तिकडं गेले. नऊ वर्षांची होते. जयंतीचा दिवस होता, आमच्या वस्तीतून मिरवणूक निघाली होती आणि मी त्यात होते. तेवढ्यात निपाणीहून एक नातेवाईक एसटीनं आला आणि आजी गेल्याचं त्यानं सांगितलं. आई मला म्हणाली, पळ, आप्पांना सांग. मी होते तशी पळाले. पांढरा फ्रॉक, छातीवर निळी रिबीन. मागच्या फाटकातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आप्पा तिथं आचाऱ्याशी बोलत उभे होते. पांढरा कोट, पितळी गुंड्या. मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. मी तोंड उघडणार तोच त्यांची नजर माझ्या रिबिनीवर गेली. ते पटकन पुढं आले, मला खांद्याला धरून भिंतीपलीकडं नेलं आणि जाता जाता आचाऱ्याला म्हणाले, "आमच्या गल्लीतली पोरगी हाय. काय निरोप आणलाय बघतो."

मी त्यांच्या कानात सांगितलं. ते एक क्षण भिंतीला टेकले. मग म्हणाले, "जा घरला. आईला म्हण मी येतो." आत जाऊन त्यांनी मॅनेजरकडं दोन दिवसांची रजा मागितली. गावाकडं जत्रा आहे म्हणून. मयत म्हटलं असतं तर बरोबरचे दोघंतिघं निपाणीपर्यंत आले असते. आप्पांना हॉटेलात सगळ्यांनी जीव लावला होता, अडचण हीच होती.

त्यांनी आईच्या मयताला जत्रा म्हटलं याचा मला राग आला नाही. मला 'गल्लीतली पोरगी' म्हटलं याचा आला, आणि तो मी फार वर्षं चिकाटीनं जपला. पुढं मी वकील झाले, लग्न केलं, सासरचं आडनाव लावलं, कॅम्पाजवळ फ्लॅट घेतला, आई गेल्यावर आप्पांना आणून घरी ठेवलं. ज्यांच्या पोरी माझ्या वर्गात होत्या ती घरं आता माझी पक्षकार आहेत. त्यांच्या वाटण्या, मृत्युपत्रं, भाडेकरू, सगळं माझ्याकडं. त्यांच्यापैकी कुणी डोळे विस्फारून विचारलं, "म्हणजे ते पांढऱ्या कोटातले?" आणि ते खोटं आडनाव घेतलं, की मी म्हणायची, "होय, तेच." मी कधी दुरुस्ती केली नाही. आप्पांवरचा राग आपल्या जागी ठेवून त्यांच्या कोटाचा तोरा मात्र मी मिरवून घेतला.

हॉटेल बंद पडल्यावर बरीच वर्षं तिथं साड्यांचे सेल लागायचे. नंतर कुलूप पडलं. मग बेंगळुरूच्या एका कंपनीनं ते विकत घेतलं आणि काम सुरू झालं. कॅम्पातली माणसं फिरायला जाताना पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून आत बघायची. उचगावकडचे गवंडी जुनी कौलं एकेक करून उतरवत होते, घासत होते, परत चढवत होते. वारसा जपणार आहेत, असं सगळे म्हणायचे. वारसा म्हणजे काय, हे त्या कौलांपुरतं सगळ्यांना मान्य होतं.

एक दिवस मला फोन आला. कंपनीतली एक तरुण मुलगी, धारवाडकडची, जुन्या गोष्टी गोळा करायचं काम तिच्याकडं होतं. माझ्याच एका पक्षकारानं तिला माझं नाव दिलं होतं. माझ्या बढाया अशा तिथवर पोचल्या. ती हिंदीत आणि मध्येच कन्नडमध्ये फार अदबीनं बोलली. जुन्या नोकरवर्गातला हयात असलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे माझे वडील, तर उद्घाटनाच्या दिवशी त्यांचा सत्कार करायचा आहे. शिवाय फोटोंची एक भिंत केली आहे, तिथं त्यांच्या फोटोखाली पितळी पाटी लावायची आहे. मी एकदा येऊन बघेन का?

मी गेले. पुढच्या दारानं. गाडी पोर्चमध्ये उभी केली आणि जिन्यावर पाय ठेवताना खाली बघितलं तर कांब्या लखलखत होत्या. खरं सांगायचं तर मी हरखले. एवढं सुंदर असेल असं आप्पांच्या सांगण्यावरूनही वाटलं नव्हतं. उंच छतं, खिडक्यांच्या वरच्या रंगीत काचांतून फरशीवर पडलेला उजेड, शिशवी टेबल ज्याच्या कडेवरून आप्पांनी हजारदा कापड फिरवलं असेल. मग ती मुलगी मला मागं घेऊन गेली. धुण्याच्या खोलीत मसाज करून देणार आहेत. नोकरांच्या झोपायच्या खोलीत बार केला आहे आणि पुस्तकांनी भिंती भरल्या आहेत. वेगळा माठ होता त्या कोपऱ्यात कारंजं आहे. मेनूकार्डात आमच्या खव्याच्या कुंद्याला इंग्रजी नाव पडलं आहे आणि तो वाटीतून नाही, काचेच्या लांब पेल्यातून येतो.

भिंतीवर गोरे अधिकारी होते, बिलियर्ड जिंकलेली माणसं होती, एका मडमेच्या मांडीवरचा कुत्रा होता. कुत्र्याचं नावसुद्धा त्यांनी शोधून काढलं होतं, खाली लिहिलं होतं. आणि मधोमध डायनिंग हॉलचा नोकरवर्ग, पांढऱ्या कोटांची रांग. आप्पा डावीकडून तिसरे. खाली पाटी तयार होती. पाटीवर ते आडनाव होतं.

मी म्हटलं, हे त्यांचं नाव नाही.

ती गोंधळली. रजिस्टरात हेच आहे म्हणाली. बदलायचं असेल तर कागद लागेल, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा. एवढं झालं तर पाटी दोन दिवसांत बदलता येईल.

मला हसू आलं. माझा अर्धा धंदा त्या कागदावर चालतो. आमच्या ह्या सीमेवर माणसाला एक नाव पुरत नाही. शाळेचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, आधार कार्ड इंग्रजीत, आणि तिन्हीकडं माणूस वेगळा. मग तो माझ्याकडं येतो आणि मी त्याला प्रतिज्ञापत्र करून देते की ही तिन्ही माणसं एकच आहेत. कारण काय लिहायचं हे ठरलेलं आहे: नजरचुकीनं वेगळी नोंद झाली. सगळ्यांच्या कागदात तेच वाक्य. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते तयारच असतं, फक्त नावं बदलायची.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. त्यांची आता चौऱ्याऐंशी वर्षं संपून गेली. काचबिंदूनं नजर गेल्यात जमा आहे, समोरच्या माणसाची फक्त सावली दिसते. आधी ते म्हणाले, "लावूदेत की हाय ते. त्याच नावानं हाका मारायचे समदे." दोन दिवस त्यांनी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना आपणहून म्हणाले, "ती पाटी किती दिवस ऱ्हाईल गं तिथं?"

"हॉटेल आहे तोवर. पितळेची आहे."

"मग माझं खरं नाव लाव. मी गेल्यावर बी ऱ्हाणार असंल तर माझं ऱ्हाऊदे. त्या दुसऱ्या माणसाचं नको."

आप्पांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एकच. त्यांचं आडनाव, त्यांच्या हयातीत, त्या भिंतीवर.

मी ऑफिसातून कागद छापून आणला आणि सहीसाठी त्यांच्यापुढं धरला. ते म्हणाले, "वाचून दाखव." मी भरभर वाचत गेले. नजरचुकीनं ह्या शब्दाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"कुनाची चूक?"

"कुणाची नाही, आप्पा. असं लिहायची पद्धत आहे."

"न्हाय. त्या मॅनेजरनं मी सांगितलं तसंच लिवलं. त्याची चूक न्हाय. मी जाणूनबुजून सांगितलं. भ्या वाटलं म्हणून सांगितलं. ते लिव."

मी समजावलं. कारणाकडं कुणी बघत नाही, कागद फक्त फायलीला लागतो. ते ऐकेनात. बोलताना आवाज चढला नव्हता, पण पांढऱ्या कोटातल्या माणसासारखे ताठ बसले होते. "एकतीस वर्सं मी ते कुनाला सांगितलं न्हाय. आयीच्या मयताला जत्रा म्हटली. आता एकडाव तरी कागदावर असूदे, का सांगितलं ते." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आनि तुला त्या दिवशी गल्लीतली पोरगी म्हटलं, त्ये बी ह्याच्यापायी."

आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल तोवर कधीच बोललो नव्हतो. त्यांच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्यांना ते दिसत नव्हतं, त्याचं मला बरं वाटलं. मी नवा कागद केला. त्यात लिहिलं: त्या काळी खरं आडनाव सांगितलं असतं तर आपल्याला डायनिंग हॉलमध्ये काम मिळणार नाही, आपल्या हातचं पाहुणे खाणार नाहीत, ह्या भीतीनं मी स्वतः दुसरं आडनाव सांगितलं. पूर्ण वाचून दाखवलं. त्यांनी ते वाक्य परत एकदा वाचायला लावलं, मग कागदावर बोट फिरवून जागा विचारली आणि सही केली. त्यांची सही सुंदर आहे, रात्रशाळेत कमावलेली.

चार दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. बिचारी अवघडून बोलत होती. कंपनीच्या वकिलांनी कागद पाहिला. नावाला हरकत नाही. पण ते भीतीचं वाक्य आहे, त्यातून आधीच्या मालकांवर, पाहुण्यांवर आरोप होतो, त्याला पुरावा नाही. ते वाक्य काढलं तर पाटी लगेच. नाहीतर कागद बेंगळुरूला वरच्या लोकांकडं जाईल, महिना दोन महिने. उद्घाटन पुढच्या रविवारी आहे, आणि तोवर जागा मोकळी ठेवता येणार नाही, जुनीच पाटी लागेल.

मी तिच्याशी भांडायला हवं होतं. परक्याच्या कामासाठी मी न्यायाधीशाशीही भांडते. म्हणायला हवं होतं, की ठेवा जागा मोकळी, मोकळी जागा बघून लोक विचारू देत. मी म्हणाले, "बघते." फोन ठेवल्यावर मी स्वतःला पटवून दिलं की आप्पांचं वय झालंय, महिना दोन महिने कुणी बघितलेत, नाव महत्त्वाचं आहे. हे सगळं खरं होतं. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडं मी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी पहिला कागद, नजरचुकीचा, पुन्हा छापला आणि आप्पांपुढं धरला. "आणखी एक प्रत लागते म्हणतात." त्यांनी हात पुढं केला. मी त्यांचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं. ह्या खेपेला त्यांनी वाचून दाखव म्हटलं नाही.

रविवारी त्यांनी पांढरा सदरा घातला. पोर्चपासून त्यांना व्हीलचेअरवर नेत होते, त्यांनी नको म्हटलं आणि माझा हात धरून पायऱ्या चढले. दारात थांबून त्यांनी वास घेतला. "पालीश बदललं," म्हणाले. त्या मुलीनं त्यांना थेट भिंतीपाशी नेलं. आप्पांनी हात लांब केला आणि पाटीवर बोटं ठेवली. अक्षरं उठावाची होती. पहिलं अक्षर, दुसरं, मग आडनाव. आडनावावरून बोटं दोनदा गेली. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी लहानपणापासून पाहिला नव्हता. माझं काळीज सुपाएवढं झालं, हेही सांगते, कारण ते अर्धा तास टिकलं.

डायनिंग हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. दीडशे तरी माणसं असतील. जुनी घरं सगळी आली होती, माझे निम्मे पक्षकार. आप्पा पहिल्या रांगेत, मी शेजारी. कंपनीचा मोठा साहेब इंग्रजीत बोलायला उठला. कौलांबद्दल बोलला, सागवानाबद्दल बोलला, मग आप्पांकडं वळला. ह्यांनी एकतीस वर्षं इथं सेवा केली, म्हणाला, आणि गंमत बघा, एका कारकुनाच्या नजरचुकीनं इतकी वर्षं त्यांचं नावच चुकीचं नोंदलं गेलं होतं. आज आमच्या कंपनीनं ती चूक सुधारली आहे. वारसा जपायचा म्हणजे आणखी काय?

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी "वा" म्हटलं. मी आप्पांकडं बघितलं नाही. मला वाटलं, इंग्रजी आहे, निसटलं असेल. पण एकतीस वर्षं ते साहेबलोकांच्या खुर्च्यांमागं उभे राहून भाषणंच ऐकत होते.

त्यांना शाल घातली आणि माईक हातात दिला. दोन शब्द बोला, म्हणाले. आप्पा उठले. डावा हात मागं कमरेवर गेला, टेबलाशी उभं राहायची ती त्यांची सवय. आता ते बोलतील असं मला वाटलं, आणि बोलू नयेत असंही वाटलं, आणि दुसरं जास्त वाटलं. आप्पा स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "थँक यू, सर. वेलकम टू ऑल द गेस्ट्स." आणि बसले. परत टाळ्या. जेवताना तीन घरांतल्या बायका येऊन त्यांच्या पाया पडल्या. एक जण मला म्हणाली, "बघा ना, कारकून लोक कसे असतात." मी होय म्हटलं.

परतताना गाडी मी चालवत होते. आप्पांच्या मांडीवर शाल घडी करून ठेवलेली होती. कॅम्पाचा रस्ता संपल्यावर ते म्हणाले,

"दुसऱ्यांदा सही घेतलीस, त्यात ती ओळ न्हवती."

"नव्हती, आप्पा."

"काढलीस व्हय."

"वेळ नव्हता. महिना दोन महिने लागले असते. मला वाटलं तुमचं नाव तरी लागू दे."

"लागलं." त्यांनी शालीची घडी उलगडली आणि परत घातली. "मी त्यास्नी खोटं सांगितलं ते भाकरीपायी. मला दुसरी वाट दिसली न्हाय. तुझं कोर्ट हाय, घर हाय, गाडी हाय. तुला कुनाचं भ्या हुतं?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण त्या दिवशी माझ्याकडं खोट्याला जागा उरली नव्हती. मी म्हणाले, "त्यांचंच. समोर बसलेल्यांचं. ती ओळ कुणी वाचून दाखवली असती, तर उद्या त्यांच्या तोंडाकडं कसं बघायचं, असं वाटलं."

आप्पांनी तोंड काचेकडं वळवलं, तिथं त्यांना काही दिसत नव्हतं.

"मी एकतीस वर्सं त्यास्नी वाढलं गं," ते म्हणाले. "माझ्या वक्ताला त्यांनी मला खाल्लं असतं. तुला त्यातलं एकबी माणूस खानार न्हवतं."

गाडी सोसायटीत लावली, तेव्हा मी त्यांना धरायला दार उघडलं. त्यांनी माझा हात बाजूला केला, गाडीचा टप चाचपत उतरले आणि भिंतीच्या कडेकडेनं एकटेच लिफ्टपर्यंत गेले.